उसाच्या पट्ट्यातल्या तीन जागा: स्वाझीलँड, 1972-73

प्रकरण कशाचं

मे 1972 मध्ये स्वाझीलँडमध्ये स्वातंत्र्यानंतरची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. दक्षिण आफ्रिका आणि मोझांबिक यांच्या बेचक्यातल्या या छोट्या राज्याला आज एस्वातिनी म्हणतात. 24 निर्वाचित जागांपैकी 21 राजे सोभुझा दुसरे यांच्या इम्बोकोड्वो पक्षाने जिंकल्या आणि तीन विरोधकांना मिळाल्या. या तिन्ही जागा पूर्वेच्या सखल, ऊस पिकवणाऱ्या म्पुमालांगा मतदारसंघातल्या होत्या. त्यानंतर वर्षही उलटलं नव्हतं, तेव्हा 12 एप्रिल 1973 रोजी राजाने देशाची घटना रद्द केली, सर्व पक्षांवर बंदी घातली आणि कायदे करण्याचे, राज्य चालवण्याचे सगळे अधिकार स्वतःकडे घेतले.

एवढं प्रचंड बहुमत असलेल्या सत्तेला तीन जागा का सोसवल्या नाहीत, हा या अभ्यासाचा प्रश्न आहे. तीन विजयी उमेदवारांपैकी ज्याच्या नागरिकत्वावरून सगळं घडलं त्याचं नाव इथे दिलेलं नाही. पुढे त्याला नुसतं ‘सदस्य’ म्हटलं आहे.

पार्श्वभूमी: जमीन कुणाच्या नावावर

हे प्रकरण निवडणुकीपासून वाचायला घेतलं तर उलगडत नाही. सुरुवात जमिनीच्या कागदांपासून करावी लागते.

1870 आणि 1880 च्या दशकांत राजा म्बान्डझेनीने बोअर (दक्षिण आफ्रिकेत स्थायिक झालेले डच वंशाचे गोरे) आणि ब्रिटिश मंडळींना शेकडो सवलतपत्रं दिली. एकाच माळावर एकाला चराईचा हक्क, दुसऱ्याला खनिजांचा, तिसऱ्याला लाकडाचा, असे थरावर थर चढले. जकातीसारखी सरकारी कामंसुद्धा मक्त्याने गेली. 1889 मध्ये राजा वारला तेव्हा जवळजवळ सगळा देश कुणा ना कुणाच्या कागदावर होता. पुढे काही वर्षं शेजारच्या ट्रान्सवालच्या बोअर सरकारचा अंमल झाला आणि बोअर युद्धानंतर, 1903 मध्ये, ब्रिटिश आले.

हा गुंता ब्रिटिशांनी 1907 च्या कायद्याने सोडवला. जॉर्ज ग्रे नावाच्या अधिकाऱ्याने जागेवर जाऊन प्रत्येक जमिनीच्या सवलतीतून साधारण एक तृतीयांश तुकडा कापून स्थानिकांसाठी बाजूला काढला. उरलेली जमीन सवलतदारांच्या पक्क्या मालकीची झाली. स्वाझी लोकांच्या वाट्याला 32 सुटे तुकडे आले, म्हणजे देशाच्या जेमतेम 38 टक्के जमीन. गोऱ्यांच्या हद्दीत ज्यांची घरं राहिली त्यांना 1914 पर्यंतची मुदत मिळाली. त्यानंतर एक तर निघायचं, नाही तर मालकाच्या शेतावर राबून राहण्याचा करार करायचा. गोऱ्यांना शेतावर माणसं हवीच होती आणि या वाटणीने ती आपोआप मिळवून दिली.

राजघराण्याने दिलेली झुंज खरी होती, हे स्पष्ट लिहायला हवं. राजमाता लाबोत्सिबेनीने जमीन विकत घेण्यासाठी निधी उभारला. तरुणांना ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत धाडलं आणि त्यांच्या मजुरीतून पैसा जमवला. सोभुझाने 1920 च्या दशकात लंडनपर्यंत शिष्टमंडळ नेलं आणि दावा प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे वसाहतींसाठीच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयापर्यंत, लढवला. 1926 मध्ये तिथेही हार झाली. ब्रिटिश राजाच्या हुकमाने स्थानिकांचे जमिनीवरचे हक्क संपले आहेत आणि त्या हुकमावर न्यायालय प्रश्न करू शकत नाही, असा निकाल आला. 1940 च्या दशकात गुरांवर पट्टी बसवून पुन्हा निधी जमवला गेला. स्वातंत्र्यापर्यंत निम्म्याहून थोडी जास्त जमीन परत आली.

पुढच्या सगळ्या घटनांची मेख इथे आहे. खाणीतल्या मजुराच्या पगारातून आणि शेतकऱ्याच्या गुरांतून सोडवलेली ही जमीन ‘राष्ट्राची’ म्हणून राजाच्या विश्वस्तपणाखाली गेली. तिचं वाटप गावोगावचे सरदार करत. कुटुंबाला जमीन हवी असेल तर जनावर घेऊन सरदाराकडे जायचं, त्याचं वर्चस्व मान्य करायचं. या रिवाजाला कुखोन्ता म्हणतात. मग नांगरायला जमीन आणि घराला जागा मिळते, आणि बदल्यात सरदाराच्या शेतावर कामाला जावं लागतं. सरदाराची मर्जी गेली तर घर उठवलं जाऊ शकतं. वसाहतवाद्यांनी लुटलेलं परत मिळवण्याची लढाई आणि राजाच्या हाती एकवटलेली सत्ता एकाच खात्यात जमा होत गेली. त्यामुळे पुढे राजाला केलेला विरोध म्हणजे राष्ट्राशी द्रोह, असं म्हणणं सोपं झालं.

पार्श्वभूमी: ऊस, खाण आणि 1963 चा संप

पूर्वेचा सखल भाग उष्ण आणि कोरडा आहे. तिथे ऊस पाटाच्या पाण्याशिवाय उभा राहत नाही, त्यामुळे सुरुवातीलाच मोठं भांडवल लागतं. बिग बेंडचा साखर कारखाना 1950 च्या दशकाच्या अखेरीस आणि म्हलुमेचा 1960 च्या सुमारास सुरू झाला. म्हलुमेच्या मागे ब्रिटिश सरकारचं वसाहत विकास महामंडळ होतं. वायव्येला हॅवलॉकची ॲस्बेस्टॉस खाण 1939 पासून चालू होती.

ऊस तोडणारे, कारखान्यात राबणारे आणि खाणीत उतरणारे मजूर कंपनीच्या चाळींत राहत. त्यांची खोली, त्यांचा पगार, त्यांचं पाणी कंपनीच्या हातात असे. पण त्या चाळीवर सरदाराचा हुकूम चालत नसे. जमीन काढून घेईन ही धमकी तिथे लागू पडत नव्हती. म्पुमालांगाच्या निकालाचं अर्धं उत्तर एवढ्यातच आहे.

1963 च्या मार्चमध्ये बिग बेंडला उसाच्या मजुरांनी संप केला. मे महिन्यात हॅवलॉकची खाण बंद पडली. मागणी होती दिवसाला एक पौंड मजुरी. जूनमध्ये संप राजधानी म्बाबानेत पोचला. पाठीशी डॉ. अँब्रोझ झ्वाने यांचा पक्ष, एन्ग्वाने नॅशनल लिबरेटरी काँग्रेस, होता. 1972 च्या तीन विरोधी जागा याच पक्षाच्या. ब्रिटिशांनी केनियातून गॉर्डन हायलँडर्स पलटण विमानाने आणून संप मोडला आणि पुढाऱ्यांना अटक केली.

सैन्यापेक्षा दूरगामी ठरला तो त्यानंतरचा तोडगा. कामगार संघटना हे परक्यांचं खूळ आहे, मजूर आणि मालक यांच्यामध्ये राजाचा माणूस असावा, ही सोभुझाची जुनी भूमिका होती. तसे प्रतिनिधी कंपन्यांमध्ये नेमले गेले. त्यांना न्दाबाझाबान्तू म्हणत. कंपन्यांना ही सोय मानवली. तक्रार युनियनऐवजी राजाच्या माणसाकडे जाऊ लागली आणि नव्या, अशक्त युनियनांचा जीव गेला. त्याच काळात, 1964 मध्ये, राजाने इम्बोकोड्वो पक्ष काढला आणि पहिल्या निवडणुकीत गोऱ्या जमीनदारांच्या युनायटेड स्वाझीलँड असोसिएशनशी समझोता केला. राजवाडा आणि गोरं भांडवल इथे पहिल्यांदा उघडपणे एका बाजूला उभे राहिले.

अडचण कशी उभी राहिली

6 सप्टेंबर 1968 ला स्वातंत्र्य मिळालं ते ब्रिटिश वळणाच्या घटनेसह. प्रतिनिधी सभागृहात 24 निर्वाचित आणि सहा राजनियुक्त सदस्य. देशाचे आठ मतदारसंघ, प्रत्येकी तीन जागा, मतदाराला तीन मतं. ज्या पक्षाचा जोर थोडाही जास्त, त्याच्या पदरात त्या मतदारसंघातल्या तिन्ही जागा पडायच्या.

1967 च्या निवडणुकीत लिबरेटरी काँग्रेसला सुमारे 20 टक्के मतं मिळाली आणि जागा एकही नाही. 1972 मध्ये पक्ष फुटलेला होता आणि मतं 18 टक्क्यांच्या आसपास घसरली होती. तरीही झ्वाने गटाला तीन जागा मिळाल्या, कारण यावेळी एका मतदारसंघात ती मतं एकवटली होती. विरोधकांना कोपऱ्यात दाबणाऱ्या पद्धतीनेच एक अख्खा मतदारसंघ त्यांच्या हाती दिला. याला जनमताची लाट म्हणता येत नाही. धक्का बसला तो या गोष्टीचा, की राजाच्या पक्षाविरुद्ध मत देऊन जिंकता येतं हे एकदा दिसून आलं, आणि तेही जिथे मजुरीवर जगणाऱ्यांची वस्ती दाट होती तिथे.

याच सुमाराला राजवाड्याचं उद्योगांशी नातंही बदलत होतं. 1968 मध्ये राजाच्या सनदेने तिबियो ताका एन्ग्वाने हा निधी स्थापन झाला. खनिजांची रॉयल्टी त्यात जमा होई आणि त्यातून जमीन, कंपन्यांचे समभाग घेतले जात. त्याचे हिशेब संसदेपुढे येत नसत. म्हणजे आता राजवाडा साखर धंद्यात भागीदार होऊ पाहत होता, आणि त्याच धंद्याचे मजूर विरोधी खासदार निवडून देत होते.

कोणते पर्याय होते

पहिला पर्याय सरळ होता: तीन विरोधकांना बसू द्यायचं. ठराव अडवण्याइतकी ताकद त्यांच्यात नव्हती. प्रश्न विचारण्याइतकी मात्र होती, आणि तिबियोच्या हिशेबांवर, चाळींतल्या मजुरीवर प्रश्न येणारच होते.

दुसरा, सदस्याच्या पात्रतेबद्दल शंका असेल तर निवडणूक याचिका करून उच्च न्यायालयात पुरावा मांडणं. यात पुराव्याचा भार सरकारवर आला असता.

तिसरा, प्रशासकीय हुकमाने त्याला परका ठरवून सीमेपार सोडणं. हे झटपट होतं, पण न्यायालयात टिकेल याची खात्री नव्हती.

चौथा, कायदाच बदलून न्यायालयाचा मार्ग बंद करणं. पाचवा, घटनेत ठरवून दिलेल्या रीतीने घटनादुरुस्ती करणं. ती रीत मुद्दाम अवघड ठेवलेली होती. एवढं बहुमत असूनही राजाने ती अव्यवहार्य म्हणून बाजूला सारली. सहावा पर्याय म्हणजे घटनाच मोडणं.

विरोधकांकडे दोनच रस्ते होते, न्यायालय किंवा संप. संपाचं हत्यार 1963 नंतर बोथट झालं होतं. त्यांनी न्यायालय निवडलं.

काय केलं गेलं

निकालानंतर काही दिवसांतच, मे महिन्याच्या अखेरीस, उपपंतप्रधानांच्या हुकमाने सदस्याला निषिद्ध स्थलांतरित ठरवण्यात आलं. त्याचा जन्म दक्षिण आफ्रिकेतला आहे, सबब तो स्वाझी नागरिक नाही, असा दावा होता. त्याला सीमेपलीकडे सोडण्यात आलं. हुकमामागे ब्रिटिश काळापासून चालत आलेला इमिग्रेशन कायदा होता. सरकारने थेट तिसरा पर्याय घेतला होता.

या दाव्याची जात नीट समजून घ्यायला हवी. स्वाझीलँडची सीमा एकोणिसाव्या शतकात बोअर आणि ब्रिटिश यांनी आपापसांत आखली. स्वाझी भाषा बोलणारी, त्याच राजाला मानणारी असंख्य कुटुंबं तिच्या पलीकडे ट्रान्सवालमध्ये राहिली. लोक कामासाठी, लग्नासाठी, गुरांमागे ये-जा करत. जन्माची नोंद अनेकांकडे नव्हतीच. सोभुझाने आयुष्यभर या सीमेला अन्यायाची म्हटलं. पुढे 1982 मध्ये त्याच्या सरकारने कांग्वाने आणि इंग्वावुमा हे पलीकडचे प्रदेश मिळवण्यासाठी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी बोलणीसुद्धा केली, ती फसली. पण 1972 मध्ये याच सीमेपलीकडचा जन्म एका विरोधी सदस्याला परका ठरवायला पुरेसा मानला गेला.

सदस्य परत आला आणि न्यायालयात गेला. ऑगस्ट 1972 मध्ये उच्च न्यायालयाने हद्दपारीचा हुकूम रद्द ठरवला. सरकार वरच्या न्यायालयात दाद मागू शकलं असतं. त्याऐवजी त्याने चौथा पर्याय घेतला. नोव्हेंबरमध्ये इमिग्रेशन कायद्यात दुरुस्ती करून नागरिकत्वाच्या शंका सोडवण्यासाठी खास न्यायाधिकरण नेमलं. त्याच्या निकालावर अपील फक्त पंतप्रधानांकडे आणि तो निर्णय अखेरचा. ज्या सरकारने तक्रार केली, त्याच सरकारचा प्रमुख शेवटचा न्यायाधीश झाला. न्यायाधिकरणाने सदस्य नागरिक नसल्याचं जाहीर केलं.

उच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. पण मार्च 1973 च्या अखेरीस अपील न्यायालयाने ती घटनाबाह्य ठरवली. नागरिकत्वाच्या प्रश्नावर न्याय करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार घटनेने दिलेला होता आणि साध्या कायद्याने तो काढून घेता येत नव्हता. विरोधकांनी खटला पूर्ण जिंकला.

त्यानंतर जेमतेम दोन आठवडे गेले. 12 एप्रिलला पंतप्रधान राजपुत्र माखोसिनी यांच्या पुढाकाराने संसदेने घटना निरुपयोगी ठरवणारा ठराव केला आणि मार्ग काढण्याची विनंती राजाला केली. त्याच दिवशी लोबाम्बा इथे, जमलेल्या लोकांसमोर, राजाने जाहीरनामा वाचला. ही घटना परक्यांची, आमच्या जीवनरीतीला न मानवणारी राजकीय पद्धत देशात आणणारी आहे, असा त्याचा आशय होता.

जाहीरनाम्याची रचना बघण्यासारखी आहे. घटना रद्द झाली, पण ती सगळी गेली नाही. न्यायव्यवस्था, सरकारी नोकऱ्या, अर्थव्यवहार यांची प्रकरणं बदल करून चालू ठेवली गेली, म्हणजे कारकून, कर आणि कंपन्यांचे करार एक दिवसही थांबले नाहीत. गेलं ते नागरिकांना राजापासून वाचवणारं. पक्ष बेकायदा झाले. सभा आणि मिरवणुकांना परवानगी लागू झाली. कुणालाही खटल्याशिवाय 60 दिवस डांबता येऊ लागलं, आणि ती मुदत पुनःपुन्हा वाढवता येई. झ्वाने यांना याच तरतुदीखाली अनेकदा कैदेत ठेवलं गेलं. वसाहतीचा वारसा टाकून दिला असं सांगितलं गेलं, पण वसाहतवादी ज्यांच्या जोरावर राज्य करत ती हत्यारं, म्हणजे विनाचौकशी कैद, सरदारांमार्फत कारभार, मजुरांवर राजाचा मध्यस्थ आणि 1907 च्या वाटणीतून निघालेली मालकीहक्काची शेतं, जशीच्या तशी राहिली.

परिणाम

1974 च्या नागरिकत्वाच्या हुकमात कुखोन्ता हा नागरिकत्वाचा एक आधार मानला गेला. सरदारापुढे मान तुकवणं आणि देशाचा नागरिक असणं कायद्यानेच जोडलं गेलं. ज्या वादातून सगळं निघालं, त्याचं उत्तर राज्याने असं दिलं.

1978 मध्ये निवडणूक परत आली, ती तिनखुंडला या प्रादेशिक मंडळांमधून. पक्ष नाहीत, प्रचार नाही. मतपेटीही नव्हती. उमेदवार आपापल्या फाटकापाशी थांबत आणि मतदार पसंतीच्या फाटकातून चालत जाई. कोण कुठल्या फाटकातून गेलं हे सरदारासकट सगळ्यांना दिसे. 40 मंडळांतून प्रत्येकी दोन असे 80 जण निवडले जात आणि ते बंद दाराआड खासदार ठरवत. कंपनीच्या चाळीत राहून गुप्त मत देण्याची जी मोकळीक 1972 मध्ये उपयोगी पडली होती, ती या पद्धतीने नेमकी काढून घेतली. थेट आणि गुप्त मतदान यायला 1993 उजाडलं, तेही पक्षांविना.

ऊस मात्र वाढत गेला. सिमुन्येला तिसरा कारखाना उभा राहिला आणि त्या कंपनीत तिबियोचा बहुमताचा वाटा आहे. बिग बेंडच्या उबोम्बो कंपनीत 60 टक्के वाटा इलोवो या परदेशी साखर कंपनीचा आणि 40 टक्के तिबियोचा. त्यामुळे मजुरीची मागणी करणाऱ्या ऊसतोड मजुरासमोर आज परदेशी भागधारक आणि स्वतःचा राजा एकाच संचालक मंडळात बसलेले असतात.

1996 च्या सार्वत्रिक संपात कामगार महासंघाच्या 27 मागण्यांमध्ये पगाराबरोबर 1973 चा जाहीरनामा मागे घेण्याची मागणी होती. 2005 च्या घटनेने नागरिकांचे हक्क कागदावर आणले, पण निवडणूक ‘वैयक्तिक गुणवत्तेवर’ ठेवली, म्हणजे पक्षाच्या नावाने उभं राहता येत नाहीच. 2021 मध्ये पंतप्रधान लोकांनी निवडावा असं म्हणणाऱ्या दोन खासदारांना अटक झाली. होसियाचे म्दुदुझी माबुझा आणि एन्ग्वेम्पिसीचे म्थान्देनी दुबे यांना 2024 मध्ये अनुक्रमे 25 आणि 18 वर्षांची शिक्षा सुनावली गेली.

वेगळं काय करता आलं असतं

ब्रिटिशांनी जाताना तीन-तीन जागांचे मतदारसंघ ठेवले, त्यामुळे पाचातल्या एका मतदाराला पहिल्या संसदेत आवाजच मिळाला नाही. प्रमाणशीर प्रतिनिधित्व असतं तर विरोधी पक्ष सुरुवातीपासून सभागृहात दिसला असता आणि 1972 चे तीन चेहरे बंडासारखे वाटले नसते. सीमेवरच्या लोकांच्या जन्मनोंदी आणि नागरिकत्व यांचा निकालही सत्तांतराआधी लावायला हवा होता. सीमा त्यांनीच आखली होती.

सरकारसाठी निर्णायक वळण ऑगस्ट 1972 चं होतं. हरल्यावर अपील केलं असतं तर हा प्रश्न एका माणसाच्या जन्मदाखल्यापुरता राहिला असता. न्यायाधिकरणाचा कायदा आणून त्यांनी तो राजा विरुद्ध न्यायालय असा केला, आणि तो कायदा पडल्यावर मागे येण्याची वाट स्वतःच बंद केली. सल्लागारांनी पाचवा पर्याय गंभीरपणे मांडायला हवा होता. लोकप्रियता इतकी होती की जनतेसमोर जाऊन दुरुस्ती मागणं राजाला जड नव्हतं. पण मागणं म्हणजे नकाराची शक्यता मान्य करणं, आणि तीच नको होती.

विरोधकांची कमतरता जास्त शिकवणारी आहे. लिबरेटरी काँग्रेसकडे मजुरांसाठी मजुरीची मागणी होती, पण सरदाराच्या जमिनीवर राहणाऱ्या कुटुंबांसाठी तिच्याकडे जमिनीचा ठोस कार्यक्रम नव्हता. खरं तर ऊसतोड मजूर आणि तो शेतकरी बहुतेक वेळा एकाच घरातले. मुलगा चाळीत, आई-बाप कुखोन्ताच्या जमिनीवर. मुलाने विरोधात मत दिलं तर आई-बापांचं घर धोक्यात येतं. ही भीती दूर करायची तर सरदाराला कुणालाही मर्जीने उठवता येणार नाही, वहिवाटीची लेखी नोंद हवी, विधवेचा हक्क कायम हवा, अशा मागण्या पुढे आणाव्या लागल्या असत्या. त्या न आल्यामुळे न्यायालयात जिंकलेला खटला रस्त्यावर कुणी सांभाळला नाही. 12 एप्रिलच्या जाहीरनाम्यानंतर उसाच्या पट्ट्यात गाळप बंद पाडेल अशी युनियनच शिल्लक नव्हती.

आजच्या चळवळीतल्या पक्षांची पहिली मागणी पक्षबंदी उठवण्याची आहे आणि ती रास्तच आहे. तिच्या जोडीला दोन गोष्टी तितक्याच ठामपणे यायला हव्यात: तिबियोचे समभाग, लाभांश आणि खर्च दर वर्षी संसदेपुढे मांडणं, आणि राष्ट्राच्या जमिनीवरून घर उठवण्याआधी कुटुंबाला स्वतंत्र न्यायालयात दाद मागता येणं. 2005 च्या घटनेने जमीन आणि खनिजं राजाच्या विश्वस्तपणाखालीच ठेवली आहेत. त्या कलमांना हात न लावता उद्या पक्ष कायदेशीर झाले, तरी म्पुमालांगातल्या मजुराच्या आई-बापांना मत देताना सरदाराची परवानगी मनात धरावीच लागेल.